गोठलेली माशी आणि बंद खोली

मेसमधली केळी जरा जास्त पिकली की त्यांच्यावर बारीक चिलटं जमतात. आमच्या शिरूर अनंतपाळला सीताफळं पिकत घातली की घरभर हीच पाहुणे मंडळी! शास्त्रात त्यांना ड्रोसोफिला म्हणतात. साधारण १० दिवसांत नवी पिढी तयार, म्हणून जगभर, अगदी आपल्या पुण्याच्या आयसरमध्येसुद्धा, त्यांच्यावर संशोधन चालतं.

शिकारी जवळ आला की हे चिलट काय करतं? लिस्बनला मार्टा मोइटा यांच्या प्रयोगशाळेत माशीला पडद्यावर झपाट्याने मोठा होणारा काळा ठिपका दाखवला. तिला वाटतं, कुणीतरी झडप घालतंय. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की त्या क्षणी सावकाश चालणारी माशी बहुधा जागीच गोठते आणि वेगात असलेली पळते. एका विशिष्ट चेतापेशींच्या जोडीचं काम थांबवलं, तर गोठणं कमी होतं. म्हणजे गोठणं ही शरीरातच बसवलेली सोय आहे. हलणारं भक्ष्य शिकाऱ्याला लवकर दिसतं ना!

त्याच प्रयोगशाळेचं २०२० सालचं काम मला जास्त आवडलं. माश्या गटात असल्या तर कमी गोठतात. शेजारणी थांबल्या की ही थांबते, त्या हलताना दिसल्या की हीसुद्धा पुन्हा चालू लागते.

आता आपल्या हॉस्टेलकडे बघा. व्हायवाला येत असलेलं उत्तरही तोंडातून फुटत नाही, त्याला आपण 'फट्टू' म्हणतो. बॅक लागलेला मित्र मेसला येईनासा होतो, दार लावून बसतो, तेव्हा आपलं ठरलेलं वाक्य, "सोड रे, नाटकं करतोय!" माणूस म्हणजे माशी नव्हे, कबूल. पण बंद दारामागे त्याला कुणीच हलताना दिसत नसेल, तर तो पुन्हा चालू लागणार कसा?

माझं मत सरळ आहे. त्याला उपदेश नको. दार वाजवा आणि म्हणा, "चल, चहा मारून येऊ." सर-मॅडमना नम्र विनंती, गप्प झालेल्याला शून्य देण्याआधी अर्धा मिनिट थांबा, एक सोपा प्रश्न विचारा. आणि वॉर्डन सर, कुणी दोन दिवस मेसमध्ये दिसला नाही, तर त्याच्या खोलीपर्यंत जरूर जा.