बाटलीचे बूच आणि घरचा कारखाना

औषधाची, तेलाची, पाण्याची बाटली आपल्या घरात रोज उघडते. बूच फिरवताना खालची कडी ‘कट्’ अशी तुटली की आपण निर्धास्त होतो. ते बूच बसविते कोण, हा विचार आम्ही तरी कधी केला नव्हता. औषध कारखान्यांच्या पॅकिंग खात्यात ठेकेदाराकडे राबणाऱ्या आपल्या भगिनींनी मात्र ते यंत्र जवळून पाहिलेले असते.

इटलीत पिडमाँट प्रांतात कानेल्ली नावाचे छोटे गाव आहे. गाव द्राक्षांचे आणि मद्याचे. (पंचशील घेतलेल्या वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. आमचे लक्ष बाटलीतल्या मालाकडे नाही, तिच्या तोंडाकडे आहे.) 1865 साली गान्चा घराण्याने येथे फ्रेंच पद्धतीचे फसफसणारे मद्य बनविले. अशा बाटलीत मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक दाब असतो, म्हणून बूच तारेने जखडावे लागते. या धंद्याच्या आसऱ्याने गावात बाटल्या भरण्याची, बुचे बसविण्याची यंत्रे घडविणारे कारखाने उभे राहिले. त्यातलाच एक आरोल, 1978 सालचा, कुटुंबाच्या मालकीचा.

हे यंत्र म्हणजे फिरता पाळणाच. बाटल्या ओळीने आत येतात, वरून एकेक डोके खाली उतरते आणि झाकण पिळते. खरी मेख पुढे आहे. पीळ कमी पडला तर बाटली गळते आणि जास्त झाला तर आजीच्या हाताने ती उघडत नाही. म्हणून डोक्यात लोहचुंबकाची पकड बसवितात. ठरलेला पीळ भरला की पकड आपोआप घसरते.

कानेल्लीत हाताचे कसब कारखान्यापर्यंत पोहोचले. आपल्याकडे काय झाले? चामडे कमावणाऱ्याचे, दोर वळणाऱ्याचे कसब काही कमी नव्हते. पण कसब त्याच्या कपाळी विटाळ म्हणून चिकटले आणि नफा दुसऱ्याच्या पेढीत गेला. जात ही कामाची नव्हे तर कामगारांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले. अशा वाटणीत हाताखालचा माणूस मालक होत नसतो.

आज आमची मुले आय.टी.आय. करून याच यंत्रांवर उभी आहेत. डोके नीट बसत नाही हे त्यांना आवाजावरून कळते. दुरुस्तीला मात्र बाहेरचा माणूस येतो आणि बिल करून जातो. ते सुटे भाग कातणारे एखादे लेथचे दुकान आपल्या पोराचे का नसावे? 1990 साली बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. 2012 च्या धोरणाने केंद्र सरकारच्या खात्यांनी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावयाची आहे. पण विकायला माल हवा ना!

घरात मात्र बोलणे नोकरीपाशीच थांबते. आईला कायम नोकरीचा जावई हवा आणि वडिलांना मुलगा सरकारी खात्यात. त्यांना दोष कसा द्यावा? त्याच पगाराने घर उभे राहिले आहे. परंतु दोघा भावांपैकी एकाने लेथ घ्यायचे म्हटले तर दुसऱ्याने पहिले वर्षभर घरखर्च उचलावा. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर हा विषय आम्ही काढणार आहोत. मुलांबरोबर आयांनीही यावे.