दुसरे लुगडे

सावित्रीबाई फुले शाळेत जाताना सोबत दुसरे लुगडे नेत, ही आठवण मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. वाटेत अंगावर शेण-चिखल येई, शाळेत पोचल्यावर त्या लुगडे बदलत आणि शिकवायला उभ्या राहत. ज्या नगरात (आजच्या अहिल्यानगरात) मिस फरार यांच्या हाताखाली त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले, तिथेही दर ३ जानेवारीला ही कथा सांगितली जाते. आमचा आक्षेप कथेला नाही. ती सांगताना आमची नजर ज्या लुगड्यावर खिळते, त्या नजरेला आहे. शेण फेकणारा हात कोणाचा, तो रोज तिथे का उभा असे, त्याला कोणी अडवले का, हे प्रश्न मागे पडतात. उरते ती बाईंची सहनशीलता.

साचा जुना आहे. एकनाथांवर एकजण पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ पुन्हा पुन्हा गोदास्नान करून आले, ही आख्यायिका आम्ही भक्तिभावाने ऐकली. (थुंकणारा अखेरीस शरण येतो, हे फार सोयीचे आहे.) संताचे हे माप समाजकार्यकर्त्याला लावण्याचे काम आमच्या चरित्रवाङ्मयाने केले. 'सेवाव्रती' म्हटले की शिवी ही परीक्षा ठरते आणि परीक्षेबद्दल तक्रार करायची नसते. दुसऱ्या बाजूला सरकारी भाषेने 'लाभार्थी' हा शब्द दिला. ज्याला लाभ होतो त्याने कृतज्ञ असावे, हे त्या शब्दातच गृहीत आहे. मग त्याने शिवी दिली की तो कृतघ्न! व्रती आणि कृतघ्न या दोन शब्दांत सगळा प्रसंग मिटवला, की समजून घेण्यासारखे काही उरत नाही.

वास्तविक शिवी एकाच जातीची नसते. नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या 'माउली'मध्ये रस्त्यावरून आणलेल्या मनोरुग्ण स्त्रिया राहतात. अशा स्त्रीने शिवी दिली, हात उगारला, तर ते आजाराचे आणि भोगलेल्या अत्याचाराचे बोलणे असते. तिथे क्षमेचा प्रश्नच येत नाही, औषधाचा येतो. २०२० साली करोनाच्या सर्वेक्षणाला दारी आलेल्या 'आशा'ला हाकलून देणारा गृहस्थ विलगीकरणाला भ्यालेला होता, आणि सरकारचा त्याच्या उंबऱ्यापर्यंत आलेला एकमेव चेहरा तिचा होता. हे समजून घेता येते. पण 'तू कोण आम्हाला शिकवणार' या वाक्यात जेव्हा तिची जात किंवा तिचे बाईपण मोजलेले असते, तेव्हा समजून घेण्याचा उपदेश तिला करणे हा निव्वळ दुटप्पीपणा आहे. ती शिवी सोसायची नसते, तिची नोंद करायची असते.

जामखेडचा अनुभव आम्हाला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केले आणि पुढे गावोगावच्या, अनेकदा निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. ज्या घरांत त्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याच घरांतल्या बाळंतिणींपाशी त्यांना जायचे होते. या स्त्रियांना कोणी तपस्विनी व्हायला सांगितले नाही. त्या नियमितपणे जामखेडला एकत्र येत, शिकत, गावात काय घडले ते एकमेकींना सांगत. अपमान एकटीच्या पदरात राहत नसे. आमच्या मते निभावणे म्हणतात ते हे. ते मनाच्या मोठेपणावर कमी आणि मागे उभ्या असलेल्या माणसांवर अधिक अवलंबून असते.

२००५ नंतर आलेल्या 'आशा'ला व्यवस्थेने स्वयंसेविका ठरवले. कामागणिक मोबदला, कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने तिच्यावरील हल्ला अजामीनपात्र गुन्हा केला खरा, पण ते संरक्षण साथीपुरते. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा मध्यमवर्गीय भाषा पाहता पाहता बदलली: काल 'करोना योद्धा' असलेली बाई आज अडवणूक करणारी झाली. व्रतीने मोबदला मागायचा नसतो ना!

उलट उत्तर देणारी कार्यकर्ती नायिका म्हणून आलेली मराठी कादंबरी आमच्या वाचनात नाही. असल्यास कळवावे, आम्ही ती आनंदाने अभ्यासाला लावू. तोवर येत्या ३ जानेवारीला आमच्या वर्गात लुगड्याची गोष्ट निघेल, तेव्हा विद्यार्थ्यांना निबंध शेण फेकणाऱ्यावर लिहायला सांगणार आहोत.