जाळे आले, लिपी मागे राहिली

१४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला आणि दीड दशकाच्या, रक्त सांडलेल्या लढ्याला यश आले. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातले ग्रेग कोल आणि मॉस्कोच्या दक्षिणेला असलेल्या पुश्चिनो या विज्ञाननगरीतल्या नताशा बुलाशोवा यांनी 'फ्रेंड्स अँड पार्टनर्स' नावाचा उपक्रम इंटरनेटवर सुरू केला. सोव्हिएत संघ कोसळून जेमतेम दोन वर्षे झाली होती. अमेरिकन आणि रशियन माणसांनी सरकारांच्या मध्यस्थीशिवाय एकमेकांचा इतिहास, साहित्य, शिक्षण, आरोग्यव्यवस्था यांविषयी लिहावे, विचारावे, उत्तरे द्यावीत, एवढाच त्यामागचा हेतू. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी त्या शेजारी ठेवल्या की एक प्रश्न आपसूक उभा राहतो. या विद्यापीठाच्या ज्या संभाजीनगर शहराने त्या काळात समतेचा एवढा मोठा लढा पाहिला आणि ज्या शहरात दलित साहित्याची चर्चा 'अस्मितादर्श' या नियतकालिकाच्या पानांतून वर्षानुवर्षे चालली, त्या शहराचे मराठी त्या नव्या जाळ्यावर का पोहोचले नाही? माझे उत्तर असे, की आपल्याकडे तार आली तेव्हा आपली लिपी त्या तारेसाठी तयार नव्हती. नंतर ती तयार झाली, पण मधल्या काळात लिहिलेले सारे आपण मागेच टाकून दिले. ते आजही बाहेर काढता येईल आणि काढलेच पाहिजे.

रशियन माणसांना आपल्या लिपीत जाळ्यावर लिहिणे कसे जमले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतल्या अभियंत्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली 'रेलकॉम' हे जाळे उभे केले आणि त्याच वर्षी ते फिनलंडमार्गे जगाला जोडले. ऑगस्ट १९९१ मध्ये गोर्बाचोव्ह यांच्याविरुद्ध बंड झाले, दूरदर्शनवर बातम्यांऐवजी बॅले दाखवला जाऊ लागला, तेव्हा या जाळ्यावरून बातम्या आत-बाहेर जातच राहिल्या. त्या बातम्या रशियनमध्येही लिहिता येत होत्या, कारण किरिल लिपीसाठी 'कोई-८' नावाची संकेतप्रणाली आधीपासून हाताशी होती. तिच्यातली युक्ती मला फार मोलाची वाटते. त्या काळी अनेक यंत्रे आठ बिटांतला शेवटचा बिट वाटेतच गाळून टाकत. 'कोई-८'च्या रचनाकारांनी बहुतेक किरिल अक्षरे अशा जागी बसवली होती, की तो बिट गळाला तर त्याच उच्चाराचे रोमन अक्षर उरावे. 'मिर' हा शब्द रशियन लिपीत पाठवला आणि वाटेत मोडला, तरी पलीकडे रोमन मोठ्या अक्षरांत 'मिर'च उमटे. वाट खराब आहे हे गृहीत धरून, माणसाचे बोलणे पलीकडे पोचलेच पाहिजे या हिशेबाने केलेली ही रचना होती.

आपण तंत्रात मागे होतो असे मात्र मुळीच नाही. शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या 'अर्नेट' या जाळ्याचे काम १९८६ मध्ये सुरू झाले. मुंबईतली एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधनसंस्था, आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्यात संदेशांची देवाणघेवाण सोव्हिएत संघातल्या सामान्य वापरकर्त्यांच्या आधी सुरू झाली होती. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान भारतीय लिप्या संगणकावर आणत होते. 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९८८ मध्ये ठरली, १९९१ मध्ये ती राष्ट्रीय मानक झाली, आणि जगभरच्या लिप्यांना एकत्र सामावणाऱ्या युनिकोड या प्रणालीने देवनागरीची मांडणी तिच्यावरूनच घेतली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा मानक होते, तंत्रज्ञ होते, तारही होती. उणीव कशाची होती? मराठी संगणकाचे गिऱ्हाईक त्या वेळी छापखाना होता. डीटीपीच्या दुकानात बसलेल्या माणसाला पान सुबक दिसायला हवे होते. ट्रेसिंगवर प्रिंट काढली, प्लेट झाली, की फाइलचे काम संपले. ती फाइल दुसऱ्या गावातल्या संगणकावर उघडेल का, हे विचारण्याचे कुणाला कारणच नव्हते. त्यामुळे प्रत्येक फॉन्ट कंपनीने आपापली मांडणी केली आणि तीच तिची बाजारपेठ राखणारी भिंत ठरली. रशियात लिपीचा प्रश्न एकमेकांना पत्रे लिहिणाऱ्या अभियंत्यांनी सोडवला, आपल्याकडे तो पाने लावणाऱ्यांच्या गरजेप्रमाणे सुटला. छपाईसाठी ते उत्तर चोख होते. देवाणघेवाणीसाठी त्याचा उपयोग शून्य होता.

याचा परिणाम कसा होतो, हे पाहायचे तर एखादी जुनी फाइल त्या फॉन्टशिवाय उघडून बघावी. लिहिलेले मराठी, दिसतात मात्र रोमन अक्षरे, टक्क्याची चिन्हे, कंस आणि अर्धविराम. कारण संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतेच, रोमन अक्षरांवर मराठी चित्रे चिकटवलेली होती. त्यातही चित्रांचा क्रम डोळ्याला दिसतो तसा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती अक्षराआधी नोंदवलेली असते. 'धर्म' लिहिताना आधी ध, मग म, आणि रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये हाच शब्द उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे र आधी आणि म नंतर असा साठवला जातो. म्हणूनच जुन्या फाइलमधला 'धर्म' कुठल्याही शोधयंत्राला सापडत नाही. ती फाइल इंटरनेटवर ठेवलेली असली तरी जगाच्या दृष्टीने ती कोरीच असते.

परदेशातल्या मराठी माणसांनी यातून आपापली वाट काढली आणि त्यांचे श्रेय त्यांना द्यायला हवे. अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स' पद्धतीत मोठा एन म्हणजे ण, मोठा एल म्हणजे ळ, मोठा टी म्हणजे ट, असे टंकून देवनागरी मजकूर छापता येई. गाणी, स्तोत्रे, पदे हौशी लोकांनी अशाच रीतीने घरोघरी बसून चढवली. १९९६ मध्ये 'मायबोली' सुरू झाली आणि अमेरिकेतल्या मराठी घरांना पुण्या-मुंबईशी रोजचे बोलणे करता येऊ लागले. मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्रदिनी आला. पण या पहिल्या फेरीत बोलणारे कोण होते? ज्यांच्याकडे संगणक होता, इंग्रजी कळफलक सवयीचा होता आणि तासाच्या हिशेबाने फोनचे बिल परवडत होते, ते. मराठवाड्यातला कवी, प्राध्यापक, कार्यकर्ता हातानेच लिहीत होता आणि त्याचे लेखन डीटीपीच्या फाइलमध्ये बंदिस्त होत होते. अमेरिकेशी मराठी बोलणे सुरू झाले, पण त्यात महाराष्ट्राचा एक मोठा भाग मुका राहिला.

संभाजीनगरच्या बाबतीत ही गोष्ट विशेष टोचते, कारण या शहराचा अमेरिकेशी संवाद इंटरनेटच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले आणि त्यांनीच १९५० मध्ये इथे मिलिंद महाविद्यालय उभे केले. मिनेसोटातल्या कार्लटन महाविद्यालयात शिकवणाऱ्या एलिनॉर झेलिएट यांनी आंबेडकरी चळवळीचा इतिहास मराठी साधने वाचून, इथल्या माणसांशी बोलून लिहिला. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' पोटतिडकीने चालवले आणि २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. म्हणजे माणसे जात-येत होती, पत्रे आणि टपालाने पाठवलेले अंक जात-येत होते. जाळ्यावर मात्र निराळेच चित्र उमटले. कोलंबियातल्या प्राध्यापक फ्रान्सिस प्रिचेट यांनी बाबासाहेबांचे १९३६ चे 'जातिप्रथेचे विध्वंसन' मूळ इंग्रजीत, टिपांसह सर्वांसाठी खुले करून ठेवले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आज कुणीही घरबसल्या वाचू शकतो. ही दोन्ही कामे मोठ्या उपकाराची आहेत. पण त्यामुळे जगाला भेटले ते इंग्रजीतले बाबासाहेब. त्यांच्या विचारांवर मिलिंदच्या नागसेनवन परिसरात, नियतकालिकांत, मेळाव्यांत दोन-तीन पिढ्यांनी मराठीत जे वाद घातले, ते जगाला दिसत नाहीत. मराठवाड्यातल्या मुलांनाही ते आज मोबाइलवर सापडत नाहीत, आणि मला जास्त काळजी याचीच वाटते.

यावर कुणी म्हणेल, इंग्रजीने भागते आहे ना? बाबासाहेबांनी स्वतः जगाशी इंग्रजीतूनच संवाद केला. खरे आहे, पण त्याच बाबासाहेबांनी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीत काढले, कारण ज्यांच्यासाठी लढायचे त्यांच्याशी बोलायचे होते. दोन्ही भाषांना त्यांनी वेगवेगळी कामे दिली होती. शिवाय भाषांतर करायला आधी मूळ मजकूर हाती लागावा लागतो. 'पॉयझन्ड ब्रेड' हा अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेला संग्रह १९९२ मध्ये इंग्रजीत आला आणि दलित लेखन परदेशी वर्गांत शिकवले जाऊ लागले. त्या संग्रहाबाहेर जे उरले, ते शोधायचे तर संशोधकाला आजही कुणाच्या तरी घरचे कपाट उघडावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सोव्हिएतोत्तर देशांतली ती सारी देवाणघेवाण अमेरिकन पैशावर पोसलेली होती, तिच्यामागे राजकारण होते, आणि शेवटी झाले काय? २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि मैत्रीचे ते दिवस पुसले गेले. यातला पहिला भाग मान्यच केला पाहिजे. जॉर्ज सोरोस यांच्या पैशातून रशियातल्या प्रादेशिक विद्यापीठांत इंटरनेट केंद्रे निघाली. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या निधीतून छोट्या गावांतल्या ग्रंथालयांत मोफत वापराची ठिकाणे उभी राहिली. हे निव्वळ परोपकारापोटी झाले असे मानणे भाबडेपणाचे होईल. पण जाळ्यामुळे युद्धे टळतात असा माझा दावाच नाही. माझा मुद्दा एवढाच, की त्या केंद्रांत बसलेल्या माणसाला आपल्या लिपीत लिहिता आले आणि लिहिलेले शोधता आले. ती क्षमता राजकारण फिरल्यावर नाहीशी झाली नाही. आणि पैसा दुसऱ्याचा असला की अजेंडाही दुसऱ्याचा होतो, ही भीती खरी असेल, तर हे काम आपण आपल्या विद्यापीठाच्या पैशाने करावे हे आणखीच पटायला हवे.

तिसरे म्हणणे तरुणांचे असते: आता सगळे युनिकोडमध्येच लिहितात, जुने कागद स्कॅन केले की यंत्र वाचून देईल, उगाच घोळ कशाला? विंडोज २००० पासून देवनागरी थेट लिहिता येऊ लागली आणि स्मार्टफोनने तर ती प्रत्येकाच्या खिशात आणून ठेवली, हे मान्य. पण यामुळे पुढचा प्रश्न सुटला, मागचा नाही. साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांतली मराठवाड्यातली नियतकालिके, स्मरणिका, दिवाळी अंक, कवितासंग्रह, शोधप्रबंध नेमके मधल्या खाचेत अडकले आहेत. प्रबंध 'शोधगंगा'वर चढवले जातात ही चांगली गोष्ट, पण त्यांतले जुन्या फॉन्टमधले किंवा नुसते चित्ररूप असलेले मराठी प्रबंध शब्द टाकून शोधायला गेले तर हाती लागत नाहीत. यंत्रवाचन सुधारते आहे यात शंका नाही. तरी स्वस्त कागदावरच्या पुसट छपाईत जोडाक्षरे आणि रफार चुकतात, ते दुरुस्त करायला मराठी जाणणारा माणूसच लागतो. मूळ फाइल हाती असेल तर फॉन्ट बदलून देणारी साधने हे काम कितीतरी बिनचूक करतात. म्हणून आधी फाइली मिळवल्या पाहिजेत, आणि वेळ तिथेच कमी आहे. त्या फाइली सीडींवर, बंद पडलेल्या संगणकांच्या हार्ड डिस्कवर, मालक बदललेल्या डीटीपीच्या दुकानांत पडून आहेत. दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतले काही ना काही भंगारात जाते.

जुना मजकूर असा शोधण्याजोगा करता येतो याचा दाखला घरातच आहे. मराठी विश्वकोशाचे खंड युनिकोडमध्ये खुले झाले आणि आज कुठल्याही गावातला विद्यार्थी ते शोधू शकतो. मग डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने आपल्या परिसरापासूनच सुरुवात का करू नये? विद्यापीठाच्या आवारातच इलेक्ट्रॉनिकी प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था, आजची नाइलिट, आहे. मराठी विभागाचे विद्यार्थी आणि तिथले प्रशिक्षणार्थी एकत्र बसले, तर फॉन्ट बदलणे आणि मुद्रितशोधन ही दोन्ही कामे एकाच छपराखाली होतील. मराठवाडा साहित्य परिषदेकडे 'प्रतिष्ठान'चे अंक आहेत, बलवंत वाचनालयाकडे जुन्या वाचकांचा विश्वास आहे, आणि अनंत भालेराव यांच्या 'मराठवाडा' दैनिकाची पाने जपणारी माणसे या शहरात अजून आहेत. छापील अंकाचे काम स्कॅनने होईल, फाइलचे काम फॉन्ट बदलून. दोन्हींची यादी मात्र एकच असावी.

हक्कांचा प्रश्न अवघड आहे, पण न सुटणारा नाही. छोट्या नियतकालिकांत लिहिणाऱ्या बहुतेकांना मानधन मिळालेच नव्हते आणि लेखनाचे हक्क लेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे आहेत. त्यांच्याकडे जाऊन लेखी परवानगी मागावी लागेल, नकार आला तर तो मानावा लागेल. 'फ्रेंड्स अँड पार्टनर्स'मध्ये दोन्ही बाजूंना एकेक जबाबदार माणूस होता, निव्वळ यंत्र नव्हते, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडेही संमतिपत्रे गोळा करत जालना, परभणी, नांदेड, बीडपर्यंत फिरणारा कुणीतरी नेमावा लागेल. त्याचा पगार अर्थसंकल्पात वेगळ्या ओळीवर दाखवावा, संगणकखरेदीच्या रकमेत तो दडवू नये.