दुपारचं गाणं आणि शेजारची झोप

मैत्रिणींनो, आपल्या मोशीत भर दुपारी दोन वाजतासुद्धा कुणाच्या तरी घरी मध्यरात्र असते. चाकणहून किंवा भोसरीहून रात्रपाळी करून आलेला माणूस पडदे ओढून झोपलेला असतो, आणि नेमका तोच तास आपला हक्काचा. ओटा आवरलेला, मुलं शाळेत. अशा घरासाठी स्पीकर घ्यायचे, तर दुकानदाराला "किती वॅटचे?" असं विचारू नका. "हळू लावले तर शब्द कळतात का?" असं विचारा.

१९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण'ची ५६ गीतं प्रसारित झाली. ती लोकांनी रेडिओच्या एकुलत्या एका स्पीकरवर ऐकली, आणि तरी शब्द न् शब्द पोहोचला! तेव्हा ठणठणाटाला भुलू नका.

दहा बाय चौदाच्या हॉलला फळीवर मावणारी लहान जोडी पुष्कळ झाली. अँप्लिफायर आतच असलेली जोडी घेतली, तर वेगळं यंत्र आणि त्याची जागा दोन्ही वाचतात. फक्त जवळ प्लग हवा. पुरुषमंडळींचा ओढा त्या वेगळ्या सबवूफरच्या डब्याकडे असतो. माझं विचाराल तर फ्लॅटमध्ये तो नकोच. बारीक, चढा आवाज भिंतीला बराचसा अडतो. खर्ज मात्र भिंतीतून, स्लॅबमधून पलीकडे जातो. शेजारणीला गाणं ऐकू येत नाही, नुसती धपधप येते, आणि तीच जास्त छळते.

दुकानात आपल्या पाठ असलेलं गाणं लावायला सांगा. दोन जोड्या ताडून पाहताना आवाज सारखाच ठेवायला लावा, कारण जरा मोठा वाजणारा स्पीकर कानाला उगाच बरा वाटतो. विकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, बरं का!

खरी गोम पुढे, घरी आल्यावर. शोकेसच्या खणात, फुलदाणीमागे कोंबलेला महागडा स्पीकरही डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाजतो. तो फळीच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढा. मागे भोक असेल तर भिंतीपासून वीतभर तरी सोडा. कोपरा टाळा, तिथे खर्ज फुगतो. शेजारच्या घराला लागून असलेली भिंत तर टाळाच, आणि खाली रबराचे तुकडे ठेवा. दोन स्पीकरांमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर आपली खुर्ची हवी. वरचा लहान गोल, ज्यातून बारीक आवाज येतो, तो बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. मी वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलले, तर मागच्या बाकावर "बाई, काय म्हणालात?" होतंच. तसंच हे. स्पीकरचं तोंड माणसाकडे हवं. सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून आपण आवाज वाढवतो. त्याआधी त्यांची खुर्ची या जागी आणून पाहा. समोर नुसती फरशी असेल तर सतरंजी अंथरा, घुमणं कमी होईल.

सगळं मांडून झालं की १९५० च्या सुमाराचं एखादं जुनं गाणं लावा. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात डावं-उजवं नसे, दोन्हीकडून एकच आवाज येतो. म्हणून गायिका बरोबर मधोमध उभी राहून गातेय असं वाटायला हवं. ती एका बाजूला सरकली, तर एक स्पीकर जवळ आलाय. नक्की कुठे आहे तेच कळेना आणि तबल्याचा डग्गा हरवला, तर एका स्पीकरच्या तांबड्या-काळ्या वायरी उलट लागल्या असतील. बटण बंद करून त्या बदला.

मग गाणं चालू ठेवून दार ओढून घ्या आणि जिन्यात उभं राहून ऐका. जमल्यास शेजारणीच्या आतल्या खोलीतही डोकावून या. जिथे तिकडे काही पोहोचत नाही आणि इकडे शब्द कळतात, तिथे आवाजाच्या बटणाशी एक टिकली चिकटवून टाका. दुपारी त्या टिकलीपुढे बटण फिरवायचं नाही, हे मुलांनाही सांगून ठेवा.