ओल कोणाची?
या आठवड्यात एका मैत्रिणीच्या भाड्याच्या घरी गेले, तर कपाट हातभर पुढे ओढलेलं आणि मागे काळी बुरशी पार छतापर्यंत. मालक म्हणाले, ‘तुम्ही खिडक्याच उघडत नाही!’ पावसाळ्यात पुण्या-मुंबईत हे वाक्य कोणी ऐकलेलं नाही? माझं मत सरळ आहे. ओले कपडे खोलीत वाळवून, वाफ कोंडून धरलेली ओल भाडेकरूची. पण भिंतीला बाहेरून तडा असेल, वरच्या मोरीतून पाणी झिरपत असेल, तर ती मालकाचीच. वरून रंगाचा हात फिरवणं ही दुरुस्ती नव्हे. पोपडे पुन्हा सुटतात आणि दमेकरी पोर त्याच खोलीत झोपतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही वाजवी वेळेत तो हलला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करू शकतो. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना मात्र आधार करारपत्राचाच. तेव्हा मंडळी, सही करण्याआधी गळतीची जबाबदारी कोणाची, हे त्यात लिहून घ्या आणि भिंतींचे फोटो काढून ठेवा.