खेळाचा बाजार आणि तालुक्याचे मैदान

चाकूरसारख्या तालुक्याच्या गावात बारावी ओलांडलेल्या मुलापुढे ठरलेल्या वाटा चार : डॉक्टरकी, इंजिनियरिंग, स्पर्धा परीक्षा आणि पोलीस भरती. लातूरच्या शिकवणी वर्गांनी या वाटा इतक्या रुळवल्या आहेत की पाचवी वाट असू शकते, हेच घरच्यांच्या मनात येत नाही. अशा घरातला एखादा पदवीधर जेव्हा ‘मुंबईला जाऊन क्रीडा व्यवस्थापन शिकतो’ असे म्हणतो, तेव्हा बापाला ते थेर वाटते, मित्रांना हेवा वाटतो, आणि आपल्या विचाराच्या कार्यकर्त्याला काय बोलावे हे सुचत नाही. भांडवलदारांचा तमाशा म्हणून तो विषय झटकतो. हे झटकणे सोपे आहे. परंतु बरोबर नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. खेळ हा आता फावल्या वेळचा छंद उरलेला नसून एक मोठा उद्योग झाला आहे. इंडियन प्रीमियर लीग २००८ साली सुरू झाली. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. मराठी मातीतली कबड्डी २०१४ मध्ये बाजारात उतरली. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ मध्ये ती २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली. एवढा पैसा फिरतो तेथे करार लिहिणारे, तिकिटांचा हिशेब ठेवणारे, संघांच्या प्रवासाची व मुक्कामाची सोय पाहणारे, जाहिराती मिळवणारे लोक लागतात. तेव्हा काम खरे आहे. प्रश्न आहे तो या कामाच्या अटींचा.

वरील रकमेला पाचाने भागले तर प्रक्षेपणाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ९,६७८ कोटी रुपये येते. २०२५ च्या हंगामात सामन्यांचे मानधन धरून प्रत्येक संघाची खेळाडूंवरील खर्चाची कमाल मर्यादा १४६ कोटी रुपये होती. म्हणजे दहा संघांचे मिळून १,४६० कोटी. हा हिस्सा सुमारे १५ टक्के पडतो, आणि त्यात प्रायोजकांचा व तिकिटांचा पैसा धरलेलाच नाही. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये खेळाडूंच्या वाट्याला उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मा भाग येतो. तेथील मालक अधिक उदार आहेत, असे कोणी समजू नये. तेथे खेळाडूंची संघटना आहे आणि ती वाटाघाटी करून करार पदरात पाडून घेते. आपल्याकडे क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना २०१९ मध्ये स्थापन झाली, तीही केवळ निवृत्त खेळाडूंची.

ज्याचे छायाचित्र घराघरांत पोहोचते त्याची ही स्थिती, तर पडद्यामागे राबणाऱ्या बिननावाच्या पोराची काय असणार? हंगाम दोन महिन्यांचा आणि खोलीभाडे बारा महिन्यांचे. ‘अनुभव मिळतो’ एवढ्याच मोबदल्यावर राबवून घेणे ज्यांना परवडते, त्यांच्यासमोर एकटा उमेदवार काय सौदा करणार? शिवाय या धंद्याचा पायाही डळमळीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि भारतीय संघाच्या सदऱ्यावरचे प्रायोजकाचे नाव काही दिवसांत उतरले. जुगाराच्या पैशावर पोसलेली भरभराट किती टिकाऊ असते, याचा हा धडा होता. कर्ज काढून शिक्षणसंस्थांचे भारी शुल्क भरणाऱ्या कुटुंबाला ही बाजू कोणी सांगत नाही.

मग तरुणाला ‘जाऊ नकोस’ म्हणावे काय? मुंबईच्या कामगार चळवळीने कोकणातून व घाटावरून येणाऱ्या माणसाला गिरणीत जाऊ नकोस असे कधी सांगितले नाही; तिने गिरणीत संघटना बांधली. त्याच लालबाग-परळच्या चाळींनी कबड्डीची मंडळे आणि व्यायामशाळा पोसल्या. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या कार्यालयांत काम करणारा तरुणही कामगारच आहे. गळ्यात ओळखपत्र अडकवल्याने तो मालक होत नाही.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. हा पैसा मुळात कोणाचा? प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्याच एका खटल्यात १९९५ साली दिला. आणि खेळाडू घडतो तोही सार्वजनिक खर्चाने. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले, तेव्हा त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवले होते. आष्टी तालुक्यातील अविनाश साबळे धावपटू झाला तो सैन्यात; २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे रेल्वेच्या नोकरीत होता. घडवणार समाज, आणि तयार माल विकणार बाजार, असा हा व्यवहार आहे.

लातूर जिल्ह्याने या व्यवहाराचे एक टोक २०१६ मध्ये पाहिले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे लीगचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. खेळपट्टीवर पाणी शिंपडायचे की माणसाच्या घशात घालायचे, हा प्रश्न न्यायालयात न्यावा लागला, यातच आपल्या नियोजनाची परीक्षा झाली. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये मराठवाड्याचा अनुशेष मोजला तो रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा सदरांखाली. क्रीडांगणाचे सदर त्यात नव्हते. ते आज घालण्याची वेळ आली आहे.

यावरून कार्यकर्त्यांनी चार मागण्या हाती घ्याव्यात. प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा तालुक्याच्या मैदानांसाठी कायद्याने राखून ठेवावा. पुण्याच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात दुष्काळी तालुक्यांतील मुलामुलींना विनाशुल्क जागा द्याव्यात. या उद्योगातील प्रत्येक कामाला, उमेदवारीच्या कामालाही, लेखी करार आणि किमान वेतन असावे. आणि प्रत्येक तालुका क्रीडा संकुलावर पूर्णवेळ पगारी व्यवस्थापक नेमावा. चौथी मागणी वरकरणी किरकोळ दिसते. पण तिच्यामुळे या विद्येची नोकरी चाकुरातच निर्माण होते. मैदानाचे वेळापत्रक, मुलींसाठी सुरक्षित वेळ, साहित्याची निगा, तालुक्याच्या स्पर्धा हेही व्यवस्थापनच आहे, आणि ते शिकलेल्या माणसाची वाट गावे पाहत आहेत.

रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसने निघणाऱ्या तरुणाला निरोप देताना त्याच्या हातात शहरातील कामगार संघटनेचा पत्ता द्यावा, आणि परत यावेसे वाटले तर येथे त्याच्यासाठी काम असेल अशी व्यवस्था त्याच्या माघारी करावी. ही दोन्ही कामे कार्यकर्त्यांच्या आवाक्यातील आहेत.