सेट मोजू नका, बोलणी मोजा

आमच्या मराठवाड्यात वायरलेस विकायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सेट किती लागतील?" नांदेडची जिनिंग असो की लातूरकडचा साखर कारखाना. आकडा पन्नासच्या वर गेला की लगेच पुढचं वाक्य येतं, "मग साहेब, ट्रंकिंगच घ्या!" माझं मत विचाराल तर मुळात प्रश्नच चुकतोय. सेट किती यापेक्षा एका वेळी किती बोलणी चालणार, हे महत्त्वाचं.

ट्रंकिंग म्हणजे बँकेतलं टोकन. साध्या पद्धतीत प्रत्येक खात्याला आपापला चॅनेल. शेतकी खात्याचा रिकामा पडलेला असला तरी वजनकाट्यावरच्याने आपल्या तुंबलेल्या चॅनेलवर ताटकळायचं. ट्रंकिंगमध्ये सगळे चॅनेल सामाईक. बटण दाबलं की जो मोकळा असेल तो मिळतो, बोलणं संपलं की परत जातो. कल्पना झकास आहे, वादच नाही.

मेख पुढे आहे. बऱ्याच ट्रंकिंग पद्धतींत एक चॅनेल या वाटपासाठीच अडकून राहतो. पाच असतील तर बोलायला चार उरतात, परवडतं. पण दोनच असतील तर? त्यापेक्षा साधा डीएमआर रिपीटर बरा. तो १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर दोन बोलणी चालवतो.

म्हणून गळीत हंगामात आठवडाभर एक वही ठेवा. पाळी बदलताना, गेटवर ट्रकांची रांग लागलेली असताना एकाच वेळी किती बोलणी चालतात, ते लिहा. दोन-तीनच्या पुढे आकडा जात नसेल तर ट्रंकिंगचा खर्च मला तरी उगाच वाटतो. जात असेल, तर जरूर घ्या. मात्र एक गोष्ट करून दाखवायला सांगा. सगळे चॅनेल भरलेले असताना आणीबाणीचं बटण दाबलं तर काय होतं? उद्या गव्हाणीत माणसाचा हात अडकला, तर टोकन घेऊन रांगेत थांबायची ती वेळ नसते.

दुसरा गैरसमज अंतराचा. ट्रंकिंगने पल्ला वाढत नाही. ३० मीटर उंच मनोऱ्यावरून रेडिओचं क्षितिज साधारण २२ किलोमीटर. नांदेड ते लातूर सरळ रेषेतही शंभराच्या वर! दोन्हीकडे एकाच यंत्रणेवर बोलायचं तर वेगवेगळी ठिकाणं आणि ती जोडणारी लाइन लागणारच. फ्रिक्वेन्सी आणि परवान्याचं कामही दूरसंचार विभागाकडे आधी मार्गी लावा, मगच यंत्रं घ्या.

"मोबाईल असताना हे कशाला?" असं आमच्या घरातही विचारतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा देशात मोबाईल सेवाच नव्हती. आता आहे, पण संकटात सगळे एकदम फोन लावतात आणि नेटवर्क तुंबतं. आपला वायरलेस तेव्हा कामाला यावा, तर रिपीटरला पुरेशी बॅटरी हवी, आणि रिपीटर बंद पडला तरी सेटवरून सेटशी थेट बोलता यायला हवं. कोटेशनमध्ये मी तरी या दोन ओळी सगळ्यात आधी शोधेन, ट्रंकिंग हा शब्द नंतर.

बघा, पटतंय का.